पानावर थेंब टिकत नाही? फवारणीतल्या या चुका टाळा

धोप्याच्या (अळूच्या) पानावर पाणी ओता, थेंब गोळी होऊन घरंगळतो. पऱ्हाटी (कपाशी)-सोयाबीनचं पान तेवढं हट्टी नसतं, पण कोवळ्या पानावरचा मेणचट थर आणि सोयाबीनची लव थेंबाला सहजासहजी पसरू देत नाही.

पानावर आदळताच थेंब काही मिलिसेकंदांत भाकरीसारखा चपटा होतो. मग पृष्ठताण त्याला परत गोळा करतो. पानाला धरून राहिला तर औषध लागलं; नाहीतर थेंब उसळून खाली मातीत.

सगळा भार स्टिकरवर, म्हणजे औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून फवाऱ्यात घालायच्या द्रवावर टाकणं. सगळ्यात मोठी चूक हीच. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, सिलिकॉनचं स्टिकर तो २२च्या आसपास आणतं. पण थेंब चपटा होताना जो नवा पृष्ठभाग तयार होतो, तिथवर स्टिकरचे रेणू पोहोचायला वेळ लागतो आणि उसळी त्याआधीच होऊन जाते. म्हणून जाड, वेगवान थेंबाला स्टिकर पुरतं वाचवू शकत नाही. आधी थेंब बारीक करा: व्यास निम्मा केला की त्याच पाण्यात आठ थेंब होतात.

थेंबाचा आकार ठरतो नोझलवर, म्हणजे फवाऱ्याच्या तोंडावर. कीटकनाशकाला हॉलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा, बारीक थेंबांचा फवारा). तणनाशकाला मात्र फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट (पंख्यासारखा चपटा फवारा), तिथे थेंब जाडच हवा, नाहीतर शेजारच्या धुऱ्यापलीकडचं पीक जळतं. नोझल झिजलं की थेंब जाड होतात. पंप चालवून एका मिनिटाचं पाणी मापात धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त आलं तर बदला. चोंदलं तर जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा, तोंडाने फुंकू नका.

स्टिकर झाकणाने ओतणं. सिलिकॉन स्टिकर १५ लिटरच्या पंपाला साधारण ५ ते ८ मिली पुरतं. लेबल वाचा, मापाने घ्या. जास्त झालं की थेंब एकमेकांत मिसळून पानाच्या टोकावरून गळतात. कपड्याची पावडर तर नकोच: फेस होतो, पाणी अल्कधर्मी होतं, काही औषधं त्यात फुटतात. पंपात आधी अर्धं पाणी, मग औषध, स्टिकर शेवटी.

पान गळेपर्यंत भिजवणं. गळायला लागलं म्हणजे औषध मातीत चाललं. शिवाय तुडतुडे आणि पांढरी माशी पानाखाली बसतात, वरून कितीही ओता. लान्स (पंपाची फवारणीची नळी) खाली घालून नोझल वर वळवा.

भर दुपारी फवारणं. बारीक थेंब पानावर पोहोचायच्या आत आटतो, वाऱ्याने भरकटतो आणि फवारणाऱ्याच्याच अंगावर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, हे विसरायला नको. सकाळी दव सुकल्यावर किंवा संध्याकाळी, मास्क-हातमोजे घालूनच फवारा. दव असताना फवारलं तर थेंब पाण्यातच मिसळतो आणि पातळ होऊन ओघळतो.

खात्री करायची असेल तर पंप भरल्यावर एकाच झाडावर फवारा मारा. दोन मिनिटांनी पान वाकडं करून पाहा. गोळ्या दिसल्या तर नोझल आणि स्टिकरचं माप तपासा, पानाच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर चालण्याचा वेग वाढवा.