आर मध्ये पॅकेजचं व्हर्जन बघताय? मग या चुका टाळा

"माझ्याकडे बराबर चलता, तुझ्याकडेच कित्याक अडता?" थिसिसच्या दिवसांत मालवण-कणकवलीकडच्या पोरांच्या ग्रुपवर हा डायलॉग ठरलेला. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड तोच, बंदरावरच्या मासळीची सीएसव्ही फाईल तीच, तरी एकाचा ग्राफ झकास येतो आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरं. मग कोणीतरी म्हणतो पॅकेजचं, म्हणजे आरला जोडायच्या तयार कोडच्या संचाचं, व्हर्जन चेक कर. पण कुठलं व्हर्जन, डिस्कवर पडलेलं की चालू आरच्या मेमरीत लोड झालेलं, हे कोणी सांगत नाही, आणि घोळ नेमका तिथेच असतो.

पॅकेजव्हर्जन हे फंक्शन सगळ्यांना माहीत असतं. ते डिस्कवर पॅकेजची जी माहिती पडलेली असते ती वाचून आकडा देतं. सेशनची, म्हणजे आर उघडल्यापासून बंद करेपर्यंतच्या कामाची, माहिती देणारं सेशनइन्फो फंक्शन पण आकडे तिथूनच उचलतं, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आता समजा सकाळपासून आर चालवायचा आरस्टुडिओ उघडा आहे, त्यात डीप्लायर नावाचं पॅकेज लोड आहे, आणि मधेच तुम्ही दुसऱ्या विंडोतून ते अपडेट केलंत. आकडा नवीन दिसणार, पण मेमरीत कोड जुनाच चालू, आणि तुम्ही तासभर नवीन व्हर्जनच्या नावाने खडे फोडत बसणार. चालू सेशनमध्ये खरंच काय लोड आहे ते हवं असेल तर गेटनेमस्पेसव्हर्जन वापरा. किंवा सेशनइन्फो नावाचंच एक वेगळं पॅकेज आहे, त्यातलं सेशन_इन्फो चालवा, ते डिस्कवरचं आणि लोड झालेलं अशी दोन्ही व्हर्जन तपासतं आणि जुळत नसतील तर तिथेच खूण करून दाखवतं. नावं इतकी सारखी का ठेवली देव जाणे.

आरलँग नावाच्या पॅकेजचा एरर तर सगळ्यांच्याच ओळखीचा, की अमुक व्हर्जन आधीच लोड आहे पण त्याच्यापेक्षा नवीन पाहिजे. यावर पोरं म्हणतात, "मी आरलँग लोडच केलं नाही!" बरोबर आहे, तुम्ही फक्त ग्राफ काढायचं जीजीप्लॉट बोलावलंत, पण ते एकटं येत नाही, पाठोपाठ गणपतीला चाकरमानी यावेत तशी चार पॅकेजं घेऊन येतं. म्हणून सेशनइन्फोच्या आउटपुटमध्ये दोन याद्या असतात, एक तुम्ही स्वतः जोडलेल्यांची आणि खाली नुसत्या नेमस्पेसमधून, म्हणजे तुम्ही न जोडता मागच्या दाराने, लोड झालेल्यांची, आणि ती खालची यादी कोणी वाचत नाही, अपराधी मात्र बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो. यावर डीटॅच करून, म्हणजे पॅकेज सोडवून, उपयोग नाही, कारण साध्या डीटॅचने पॅकेज सर्च पाथवरून, म्हणजे आर फंक्शन शोधतं त्या यादीतून, जातं पण मेमरीतून जात नाही. सरळ कंट्रोल-शिफ्ट-एफ१० मारा, सेशन रीस्टार्ट करा, आणि काहीही लोड करायच्या आधी अपडेट करा. तरी ते जुनं भूत परत येत असेल तर सुरुवातीला मागच्या सेशनमधल्या वस्तू साठवलेली डॉट आरडेटा फाईल आपोआप उघडायची सेटिंग बंद करा, त्या फाईलमधल्या वस्तू कधी कधी पॅकेज ओढून आणतात.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर आर पॅकेजं कुठल्या फोल्डरांत शोधतं ते सांगणारं लिबपाथ्स चालवून बघा. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर दोन लायब्ररी फोल्डर असणं अगदी कॉमन, एक सगळ्यांचं, एक तुमचं, आणि पॅकेज दोन्हीकडे असेल तर यादीतल्या पहिल्या फोल्डरातलंच लोड होतं. विंडोजवर आर ४.२ पासून स्वतःचं फोल्डर डॉक्युमेंट्समधून ॲपडेटा-लोकलमध्ये गेलं, त्यामुळे आर अपडेट केल्यावर "माझी सगळी पॅकेजं उडाली" असं वाटतं. उडाली नाहीत, जुन्या फोल्डरात आहेत. पण म्हणून ते फोल्डर उचलून नवीन आरमध्ये टाकू नका, पेनड्राईव्हने मित्राकडून तर नकोच. नेट रडत असलं की मोह होतो हे मान्य, पण पॅकेज ज्या आरसाठी बिल्ड झालेलं असतं ते बदललं की विचित्र एरर येतात.

स्क्रिप्टमध्ये व्हर्जन तपासत असाल तर आकड्याचं टेक्स्ट करून तुलना नको, टेक्स्ट म्हणून १.१० हे १.९ पेक्षा लहान ठरतं. पॅकेजव्हर्जनचं उत्तर जसंच्या तसं वापरा.

आणि खुद्द आरचं व्हर्जन? ते कोणी बघतच नाही. दापोलीकडे भाताच्या ट्रायलचा लेआउट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करणाऱ्या सॅम्पल फंक्शनने काढलेला असेल आणि २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० च्या आधीचा असेल, तर आज तोच सेट-सीड, म्हणजे या निवडीचा सुरुवातीचा आकडा, देऊनही शेतातल्या प्लॉटची वाटणी वेगळी येऊ शकते, कारण सॅम्पलची आतली पद्धतच तेव्हा बदलली. जुना लेआउट परत हवा असेल तर आधी आरएनजीव्हर्जनमध्ये ३.५.० द्या, मग सीड. तसंच ४.० पासून सीएसव्हीमधला हर्णे, मिरकरवाडा असा बंदरांचा कॉलम आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचा कॉलम, होत नाही, म्हणून जुन्या कोडमधलं, गटांची नावं देणारं लेव्हल्स एकदम नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं. याला पॅकेज कितीही अपडेट केलं तरी काही होणार नाही, कॉलम स्वतः फॅक्टर करून घ्यावा लागतो.

ग्रुपवर मदत मागाल तेव्हा मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका हो. सेशन रीस्टार्ट करा, फक्त अडलेला कोड चालवा, आणि लगेच सेशन_इन्फोचं आउटपुट अख्खं, खालच्या पॅकेजांच्या यादीसकट, टेक्स्ट म्हणून पेस्ट करा.