करटुल्याची वेल लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात बाजारातील करटुल्यांचा भाव ऐकला, की सोलापुरात अनेकांना ती घरीच पिकवण्याची इच्छा होते. त्यातच ही वेल थोडी सावली सहन करते असे कळले, की जिथे दुसरे काही येत नाही असा कोपरा तिच्या वाट्याला येतो. पुढे फळ धरले नाही, म्हणजे सगळे खापर सावलीवर, काळ्या मातीवर किंवा पाण्यावर फुटते. माझ्या पाहण्यात मात्र यांपैकी एकाचाही दोष क्वचितच असतो.

करटुल्यात नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, आणि एकटी वेल लावून फळाची वाट पाहणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे. शहरातील जुळे सोलापूर भागातल्या एका गृहस्थांकडे सुदैवाने दोन्ही वेली होत्या. एकीला नुसतीच फुले येतात म्हणून त्यांनी आधी तिला दुकानातील टॉनिके पाजली आणि अखेर ‘वांझ’ ठरवून मुळासकट उपटून टाकली. ती नर वेल होती. त्यानंतर दुसऱ्या वेलीवरील इवली काटेरी फळे पिवळी पडून गळू लागली, तेव्हा त्यांनी खताचा डोस दुप्पट केला. मुळात मादी फुलाच्या तळाशी ती काटेरी हिरवी गाठ फूल उमलण्याआधीपासूनच असते, तिला फळ धरले असे समजू नये. परागीभवन झाले नाही तर ती गळतेच. नर फुलाला अशी गाठ नसते, त्याच्याखाली छोटे वाटोळे पान असते. शेतात आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल पुरते, पण घरी एका मादीसाठीही नर ठेवावाच लागतो. फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून मी दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचे पुंकेसर मादी फुलावर हलकेच टेकवतो. कोणत्याही टॉनिकाची बाटली हे काम करू शकत नाही.

बियांपासून लावलेल्या रोपांत नर किती आणि मादी किती निघतील, हे फुले येईपर्यंत कळत नाही, शिवाय बिया लवकर रुजतही नाहीत. ज्या वेलीला फळे धरलेली तुम्ही स्वतः पाहिली आहेत, तिचाच कंद मागून आणावा.

दुसरी चूक उतावळ्यांची आहे. पावसाळा सरला की वेल वाळते आणि कंद जमिनीत झोपी जातो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कुंडी रिकामी दिसते, म्हणून कोणी तिच्यात कोथिंबीर पेरतो, तर कोणी वेल पुन्हा फुटावी म्हणून रोज पाणी घालत राहतो; दोन्ही प्रकारांत ओल टिकते आणि कंद कुजतो. वेल वाळली की मी पाणी तोडतो, कुंडीवर तारीख लिहितो आणि ती पावसाचे थेंब पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी सरकवतो. मे-जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कोंब आपोआप वर येतो. त्याआधी कंद जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी माती उकरत बसू नये.

सावलीचा अर्थ अंधार नव्हे. सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळाली तर वेल खूश असते. पूर्ण सावलीत पाने भरघोस येतात, फुले मात्र मोजकीच, आणि दाट, ओलसर पाल्यावर भुरी रोगही पडतो. काळी माती वापरायची असेल तर तिच्यात वाळू आणि शेणखत भरपूर मिसळावे, कारण कंदाला पाणी साचलेले चालत नाही. मांडव कोंब फुटण्याआधीच उभारावा.

फळे हिरवी, कोवळी असतानाच तोडावीत. पिवळी पडली की बिया टणक होतात. फळमाशीने टोचलेली फळे खतखड्ड्यात टाकण्याची सवय तर ताबडतोब सोडावी, कारण त्यांतील अळ्या तिथेच वाढून पुढच्या माश्या बनतात. अशी फळे मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवतो आणि मगच फेकतो.