मोठ्या पिकअप-एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेळेआधी का जातो: या चुका टाळा

आठवड्यातून दोनदा तरी मला हा फोन येतो. जुनी पिकअप किंवा मोठी एसयूव्ही बघायला गेलेला माणूस ओडोमीटरचा फोटो पाठवतो आणि विचारतो, "१,४०,००० मैल झालेत, ऑटोमॅटिक आहे, अजून किती चालेल?" त्या आकड्यावरून मला काहीच सांगता येत नाही. ९०,००० मैलांत जळून कोळसा झालेले गिअरबॉक्स मी उघडले आहेत. ३,००,००० मैल झालेल्या गाडीतला, कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही न खोललेला गिअरबॉक्स नुसतं ऑइल बदलून परतही पाठवला आहे. दोन्ही एकाच जातीचे. नीट वागवला तर दीड-दोन लाख मैलांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. त्याआधी जे जातात, त्यांची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

"लाइफटाइम" ऑइलवर विसंबणं

या एका शब्दाने जितके गिअरबॉक्स मारले तितके कशानेच मारले नसतील. विकणारा सांगतो, "यातलं ऑइल बदलायचं नसतं," आणि घेणारा निश्चिंत होतो. आठ गिअरचे बॉक्स बनवून कितीतरी कंपन्यांना पुरवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. फोर्डच्या एफ-१५० साठी साध्या वापरात १,५०,००० मैलांचा आकडा दिलेला असतो, पण "साध्या वापरात" हे दोन शब्द कोणी वाचत नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी आणि धुळीत, उन्हात गाडी राबवणाऱ्यांसाठी बहुतेक कंपन्या वेगळं, कडक वेळापत्रक छापतात. पुस्तकातलं ते पान कोरंच्या कोरं राहतं.

इंजिनात ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. इथे तेच ऑइल दाब तयार करतं, त्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात, तेच टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या जोरावर जोडणारा भाग) इंजिनाची ताकद पुढे नेतं आणि आतली उष्णता उचलून कूलरपर्यंत पोचवतं. असं राबणारं द्रव्य आयुष्यभर पुरेल हे मला कधीच पटलं नाही.

मग काय होतं? १,६०,००० मैल कोणी हात लावत नाही. एक दिवस तिसरा गिअर पडताना रेस वाढते आणि गाडी ओढ घेत नाही. माणूस घाबरतो, मशीन लावून सगळं ऑइल एका दमात बदलून घेतो आणि आठवड्याभरात गाडी जागेवर उभी राहते. पुढची दहा वर्षं तो भेटेल त्याला सांगतो, "जुन्या गाडीचं ऑइल बदलू नये, गिअरबॉक्स जातो." अरे, घसरायला लागला तेव्हाच प्लेटांवरचं अस्तर संपलेलं होतं. सील कडक झाले होते, दाब गळत होता. नवं ऑइल ते भरून आणत नाही. दोष ऑइल बदलण्याचा नसतो, लाखभर मैल उशिरा बदलण्याचा असतो.

माझी सवय सांगतो. दर ५०,००० मैलांना, ट्रेलर ओढत असेल तर ३०,००० ला, पॅन उतरवायचा, फिल्टर बदलायचा, चुंबक पुसायचं आणि जितकं निघालं तितकंच भरायचं. निम्म्याहून जास्त ऑइल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून दोन-तीनशे मैलांनी पुन्हा एकदा काढून भरतो. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणारच, त्याने घाबरायचं नाही. बोटाला धातूचे कपचे लागले किंवा ऑइलला करपलेला वास आला, तर ऑइलवर पैसे घालायच्या आधी मालकाशी बोलायचं. इतिहास ठाऊक नसलेल्या गाडीला दाबाचं मशीन मी लावत नाही. दोन तास वाचतात हे खरं, पण ते दोन तास मला वाचवायचे नाहीत.

टेंपरेचरकडे न बघणं

टॉर्क कन्व्हर्टर त्याच्या आतल्या क्लचने लॉक होत नाही, म्हणजे घट्ट जोडला जात नाही, तोवर आतलं ऑइल घुसळलं जातं, आणि घुसळलं की तापतं. वजन घेऊन चढावर निघालात की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, तो झेपत नाही, खाली येतो, पुन्हा वर जातो. प्रत्येक वेळी लॉक सुटतं, लागतं. १७५ फॅरेनहाइटच्या वर दर २० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आताचे गिअरबॉक्स सिंथेटिक ऑइलवर २०० च्या आसपास चालायलाच बनवलेले असतात, त्यांना तो तंतोतंत लावू नका. दिशा मात्र तीच आहे. मी स्वतः २३० दिसले की गाडी बाजूला घेतो.

एकदा टो ट्रकवरून एक पिकअप आली. मागे कॅम्पिंगचा मोठा ट्रेलर, आत चार माणसं, सामान, सायकली. अमेरिकेत कोलोराडोतल्या आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढत होते. पश्चिमेकडून तो चढ सात टक्क्यांपर्यंतचा आहे आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर. मालकाने ट्रेलर ओढतानाचं टो-हॉलचं बटण दाबलं नव्हतं, कारण "त्याने रेस चढते आणि पेट्रोल जास्त जातं." जाहिरातीतली ओढण्याची क्षमता पाठ होती, पण दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन घेऊ शकते त्याचा, स्टिकर वाचलेला नव्हता. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर येतो आणि तो पेलोडमध्येच मोजायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध होता म्हणाला. तो काटा इंजिनाच्या पाण्याचा. गिअरबॉक्सचं टेंपरेचर स्क्रीनवर दोन बटणं आत होतं.

जळका वास आल्यावर तो थांबला आणि पहिल्यांदा त्याने इंजिन बंद केलं. ही दुसरी चूक. इंजिन थांबलं की पंप थांबतो आणि उकळतं ऑइल आहे तिथेच राहतं. अशा वेळी हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, रेस जरा वर ठेवून इंजिन चालू ठेवावं, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहतं. त्याच्या गाडीखाली लाल ऑइल सांडलेलं होतं. बॉक्स उघडला तेव्हा प्लेटा काळ्या पडलेल्या आणि स्टीलवर निळे डाग.

आमचा अंदाज ऐकून त्याने गाडी दुसरीकडे नेली. तिथे काम स्वस्तात आणि तीन दिवसांत झालं. तीन आठवड्यांनी तीच गाडी परत आमच्याकडे, तेच लक्षण. नवीन प्लेटा होत्या, सील नवे होते, पण टॉर्क कन्व्हर्टर जुनाच बसवला होता आणि कूलर धुतलाच नव्हता. पहिल्या वेळी जळलेला सगळा भुगा कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बसून होता. गाडी चालू झाल्याबरोबर तो ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत शिरला. माणूस समोर उभा होता आणि त्याला काय सांगावं मला सुचेना. गिअरबॉक्स खोलून बांधणाऱ्याला एवढंच विचारा: कन्व्हर्टर नवा घालणार का, आणि कूलर धुणार की बदलणार? उत्तर देताना तो अडखळला तर गाडी तिथे सोडू नका.

थोडक्यात, पण हलक्यात नाही

कोणत्याही गाडीला चालतं असं लिहिलेलं ऑइल भरू नका. फोर्डच्या मर्कॉन व्ही आणि मर्कॉन एलव्ही या ऑइलांची नावं सारखी वाटली तरी ऑइलं वेगळी आहेत.

लेव्हल पुस्तकात लिहिलेल्या टेंपरेचरलाच बघा. जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या डॉजमध्ये ती न्यूट्रलमध्ये बघायची असते, पार्कमध्ये नाही. थंड असताना काठोकाठ भरलेलं ऑइल गरम झाल्यावर वर चढतं, त्यात फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही.

ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी एक मैलही चालवू नका. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट आत आलंय. निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरामध्ये हे इतकं झालं की कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स किंवा पार्क टाकू नका. उतारावर आधी हँडब्रेक, मग पार्क.

चिखलात चाकं गरगर फिरवत डी-आर, डी-आर (ड्राइव्ह-रिव्हर्स) करणारे लोक बघितले की माझा जीव वर-खाली होतो. फिरतं चाक अचानक घट्ट जमिनीवर पकड घेतं तेव्हा सगळा धक्का आत जातो. १९९३ पासूनच्या जीएमच्या (जनरल मोटर्स) ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये सन शेल, म्हणजे आतल्या मधल्या गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच, तुटण्याची तक्रार प्रसिद्धच आहे. तुटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात.

३५ इंची टायर घालून गिअर रेशो (चाकांच्या एका फेरीमागे गिअर किती फिरतात ते प्रमाण) तसाच ठेवलात, तर रोज ट्रेलर ओढल्यासारखं आहे.

थरथर आली की लगेच गिअरबॉक्स बदलायला निघणं

सावकाश वेग घेताना, ४०-५० मैलांच्या आसपास, रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते. नवशिके लगेच नव्या बॉक्सची किंमत विचारतात. जीएमच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये हीच तक्रार होती. मूळ ऑइल ओल धरत होतं आणि कन्व्हर्टरचा क्लच थरथरत होता. कंपनीने ऑइलच बदललं, आणि कितीतरी गाड्यांची थरथर तेवढ्याने गेली. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो आणि बॅटरीचं व्होल्टेज बघतो, मग वायरिंग, मग ऑइल, मग ऑइलची वाट उघड-बंद करणारे सोलेनॉइड, मग कन्व्हर्टर. गिअरबॉक्स सर्वांत शेवटी. ऑइल बदलल्यावर पहिले शंभर-दोनशे मैल गिअर थोडे वेगळे पडतील. कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो, तेवढा धीर धरा.

आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ओडोमीटरचा फोटो मला पाठवू नका. मालकाला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका, थंड गाडी बघायची आहे. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम लागली तर दुसऱ्या दिवशी या. मग चालू करून रिव्हर्स टाका आणि मनात मोजा. दोनच्या आत गाडीने पकड घेतली पाहिजे. मागचा हुक बघा, बॉल घासून चकचकीत झाला असेल तर किती आणि कुठे ओढलंय ते विचारा. त्यानंतर ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. त्यांचा फोटो पाठवलात तर मी नक्की उत्तर देईन.