वारीला निघण्याआधी टॅबलेटची तयारी

पहिल्यांदा टॅबलेट घेऊन वारीला गेलो तेव्हा डोक्यात एकच होतं, रोज संध्याकाळी मुक्कामाला बसून निवांत फोटो एडिट करायचे. पंढरपूर आलं तोवर मनासारखे एडिट झालेले फोटो जेमतेम चाळीस होते. पण त्याच टॅबलेटवरून बारा हजारांच्या आसपास फोटो कार्डातून उतरवून दोन ठिकाणी ठेवले होते आणि त्यातले निम्मे तरी पाहून निवडले होते. वारीत टॅबलेटचं खरं काम हेच, दिवसाचे फोटो त्याच रात्री सुखरूप जागी लावणं. एडिटिंग उरलेल्या वेळात. त्यामुळे टॅबलेट निवडताना दुकानदार जे शेवटी सांगतो ते आधी विचारायला लागतं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून हलते. त्याच्या महिनाभर आधी टॅबलेट घरात आलेला असावा, म्हणजे चुका घरीच होतात.

सुरुवात कागद-पेन घेऊन करा. तुमच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेला मूळ फोटो, केवढी होते ते बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण २५ ते ३० एमबी, ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ५० च्या घरात. दिवसाला ८०० फोटो धरले तर २४ मेगापिक्सेलवाल्याचे रोजचे २२-२३ जीबी होतात. आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस, म्हणजे चारशे जीबीच्या वर. त्यात रिंगणाच्या दिवशी हा हिशेब मोडतो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, पुढे पुरंदवड्याला आणि खुडूसला गोल रिंगण. अश्व समोरून जातो तो दोन-तीन सेकंदांत, पण तेवढ्यात बोट शटरवरून उठत नाही आणि एका दुपारीच एरवीच्या दोन दिवसांचे फोटो होतात. १२८ जीबीच्या टॅबलेटमध्ये सिस्टिम आणि ॲप्सची जागा सोडली तर चार दिवसांचे फोटो मावतात. ५१२ जीबीचा टॅबलेट खिशाला जड जातो. माझ्या मते २५६ जीबीचा टॅबलेट आणि सोबत १ टीबीची छोटी एसएसडी, म्हणजे आत फिरतं काही नसलेली डिस्क, ही जोडी सगळ्यात शहाणपणाची. घरातली जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र नेऊ नका. दिंडीच्या ट्रकमध्ये पिशव्यांच्या ढिगाखाली ती टिकत नाही.

एसएसडी लावायची ठरली की टॅबलेटचं पोर्ट महत्त्वाचं होतं, आणि इथे बहुतेक जण फसतात. यूएसबी-सी दिसलं की सगळं सारखंच असं वाटतं, तसं नसतं. ॲपलच्या साध्या आयपॅडला २०२२ पासून यूएसबी-सी आहे, पण आतला वेग जुन्या यूएसबी २ चा, सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी हाताला लागतात, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला जवळपास अर्धा तास. २०२२ आणि नंतरच्या आयपॅड एअरचं पोर्ट १० गिगाबिटचं आहे. तिथे मग कार्डाचाच वेग आड येतो आणि साधं, कमी वेगाच्या प्रकारातलं यूएचएस-१ कार्डही बारा-पंधरा मिनिटांत रिकामं होतं. सॅमसंगमध्येही हीच गत आहे. टॅब एस९ चं पोर्ट वेगवान, तर त्याच्याच स्वस्त भावाचं, एस९ एफईचं, यूएसबी २. घरी बसून वाचताना अर्धा तास काय आणि पाव तास काय, असं वाटेल. दिवसभर चालून आल्यावर, पहाटे पुन्हा तीनला उठायचं असताना, दोन कार्डं उतरवायची म्हणजे एक तास जागायचं की अर्धा, हा प्रश्न पंधराव्या दिवशी फार मोठा होतो. जुना टॅबलेट घेणार असाल तर २०२२ चा, एम१ चिपचा आयपॅड एअर मिळतोय का बघा. प्रोसेसर या कामाला आजही भरपूर पुरतो. फक्त तो ६४ जीबीवाला नाही ना, एवढी खात्री करा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वारीतला पाऊस सांगून येत नाही. दिवेघाट चढताना ऊन असतं आणि माथ्यावर पोचेपर्यंत अंगावरचा प्लास्टिकचा कागद फडफडायला लागतो. आयपॅडला, साधा असो वा प्रो, पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नाही. सॅमसंगची टॅब एस९ मालिका, एफईसकट, आयपी६८ आहे. म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्यात पडला तरी सहसा वाचतो. शिवाय त्यात मायक्रोएसडी कार्डाची जागा आहे, आणि पेन खोक्यातच येतं. नुसती वारी डोळ्यांसमोर ठेवून मला कोणी विचारलं तर मी टॅब एस९ सुचवतो. घरी आधीच आयफोन आणि मॅक असेल तर आयपॅड एअर घ्या, पण त्याला झिपची जाड पिशवी, तिच्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि वरून कोरडा टॉवेल, हे सगळं त्याच्या किमतीतच धरा. ओल्या बोटांनी कुठलाच टचस्क्रीन नीट चालत नाही, त्यामुळे एक सुती पंचा वरच्या कप्प्यात असू द्या. आणि अबीर-बुक्का! त्याची पूड पडद्यावर पडली की आधी फुंकून किंवा ब्लोअरने उडवायची, मग पुसायचं. तशीच घासली तर चरे पडलेच म्हणून समजा.

आकाराबद्दल फार घोळ घालू नका. अकरा इंच. वजन अर्धा किलोच्या आत राहतं आणि उभ्या फोटोचा फोकस नीट तपासता येतो. आयपॅड मिनी तीनशे ग्रॅमच्याही आत आहे, खांद्याला बरं वाटतं, पण रात्री आठला थकलेल्या डोळ्यांना आठ इंची पडद्यावर फोटोतल्या डोळ्यांचा फोकस बघायला लावणं त्रासाचं होतं. तेरा इंच घरी ठेवा. मॅट, कागदासारखा स्क्रीनगार्डही नको. त्याच्या दाण्यांमुळे फोटो शार्प आहे की नाही हेच कळेनासं होतं.

रंगांचं एक मात्र घरूनच लावून निघा. आयपॅडवर पडद्याचा रंग आपोआप बदलणारे ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट, आणि आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस बंद. सॅमसंगवर पडदा ‘व्हिव्हिड’वरून ‘नॅचरल’वर. वारीचे रंग नाजूक आहेत. पांढरी धोतरं, करडं आभाळ, आणि त्यात भगव्या पताका. भडक पडद्यावर भगवा आधीच पेटलेला दिसतो, म्हणून आपण तो उतरवतो, आणि तोच फोटो छापून आला की पताका विटकरी निघते.

फोटो एडिट करायच्या ॲपचं सांगायचं तर बहुतेक जण लाइटरूम वापरतात, मीही तेच वापरतो. पण कॉम्प्युटरवरचं लाइटरूम क्लासिक टॅबलेटवर चालत नाही. टॅबलेटवरचं लाइटरूम वेगळं, ते आत घेतलेला प्रत्येक फोटो क्लाउडवर चढवायला बघतं. तळावर लाखो माणसं असतात आणि तेवढेच फोन. नेटवर्कच्या चार कांड्या दिसतात आणि साधा मेसेज जात नाही. त्यातून एक खाच अशी की टॅबलेट फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याला ते वायफायच वाटतं, आणि मोबाइल डेटा वापरू नकोस असं सांगून ठेवलेलं असलं तरी तो फोनचा दिवसभराचा डेटा दहा मिनिटांत संपवतो. म्हणून क्लाउडच्या चिन्हावर जाऊन सिंक थांबवूनच निघा. सगळे फोटो लाइटरूममध्ये ओतूही नका. दुपारच्या विसाव्याला झाडाखाली बसून कॅमेऱ्यावरच चांगल्या फोटोंना तारे द्यायचे आणि रात्री तेवढेच तीस-चाळीस आत घ्यायचे. टॅबलेटवर टाकलेले कीवर्ड पुढे घरच्या क्लासिकमध्ये येत नाहीत, तेव्हा नोंदी वहीत करा. गाव, वेळ, आणि दिंडीचा नंबर रथापुढचा की रथामागचा. नुसता ‘सतरा’ लिहून ठेवलात तर नंतर माणूस सापडायचा नाही. ज्यांना संध्याकाळी वर्तमानपत्राला फोटो पाठवायचा असतो त्यांनी लांब बाजू २०४८ पिक्सेलची जेपेग काढून ठेवावी आणि पहाटे, तळ उठायच्या आधी पाठवावी. त्या वेळी जाते.

कॅमेरा नुकताच बाजारात आलेला असेल तर त्याची रॉ फाइल टॅबलेटवर उघडते का, हे विकत घेण्याआधी बघा. पेनड्राइव्हवर दोन फाइली घेऊन दुकानात जा. माणूस कुरकुर करेल, करू द्या.

चार्जिंगला वारीत रांग असते. शाळेच्या व्हरांड्यात एका बोर्डाला पाच-पाच एक्स्टेंशन आणि त्यांना लटकलेले पन्नास फोन, हे दृश्य रोजचं. तिथे टॅबलेट सोडून जाता येत नाही आणि शेजारी बसून राहायला वेळ नसतो. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-अवर, त्यातले दोनतृतीयांश पदरात पडतात. अकरा इंची आयपॅड एअरची बॅटरी सुमारे २९ वॅट-अवरची, म्हणजे एका पॉवरबँकेत दीड वेळा भरतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या वेगळ्या. अशा दोन पॉवरबँका न्या, एक अंगावर आणि एक ट्रकमध्ये, आणि ट्रकमधली दर मुक्कामाला टँकरवाल्याकडे किंवा ओळखीच्या घरी भरायला द्या. पॉवरबँकच चार्जिंगला लावायची, टॅबलेट कधीच नाही.

आता कार्डरीडर आणि हब. एसएसडी कॉम्प्युटरवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, म्हणजे आयपॅड, सॅमसंग, घरचा लॅपटॉप, सगळीकडे उघडेल. हब असा हवा की एका तोंडात कार्ड, दुसऱ्यात एसएसडी आणि तिसऱ्यात पॉवरबँक लागेल. काही एसएसडींना टॅबलेट पुरेशी वीज देऊ शकत नाही आणि कॉपी मध्येच तुटते. माझा एक स्वस्तातला हब लोणंदच्या मुक्कामाला गेला, आणि त्या गावात, त्या गर्दीत दुसरा शोधताना संध्याकाळ गेली. तेव्हापासून एक साधा, नुसता कार्डरीडर वेगळा ठेवतो. तो आजवर एकदाच लागला.

रात्रीचा क्रम घरी, दिवे घालवून, टॉर्चच्या उजेडात चार-पाच वेळा करून बघा. कार्ड लावायचं, कॅमेरा फोटो ठेवतो ते डीसीआयएम फोल्डर उघडायचं, आतल्या फाइली किती ते वहीत लिहायचं. एसएसडीवर तारखेचं फोल्डर करून सगळं तिथे कॉपी. मग टॅबलेटवर त्यातलं निवडक. मग एसएसडीवरच्या फाइली पुन्हा मोजायच्या आणि आकडा वहीतल्या आकड्याशी जुळवायचा. शेवटचा फोटो उघडून तो पूर्ण दिसतोय ना ते बघायचं. हे मी इतकं बारकाईने सांगतोय त्याला कारण आहे. एका वर्षी सासवडला कॉपीचं वर्तुळ पूर्ण भरल्यासारखं दिसलं, बाजूला भजन चालू होतं, डोळे मिटत होते, मी मोजलं नाही. सकाळी कार्ड फॉरमॅट केलं. दिवेघाटातले तीनशेच्या वर फोटो एसएसडीवर पोचलेच नव्हते. वळणावळणाने वर येणाऱ्या दिंड्या, त्या वर्षीचं ते ढगांतून खाली आलेलं ऊन, सगळं गेलं. आता जमेल तितकी जास्त कार्डं नेतो आणि पंढरपूरहून घरी येईपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करत नाही. ६४ जीबीची सात-आठ कार्डं एका टॅबलेटपेक्षा खूप स्वस्त पडतात.

चालताना तिन्ही गोष्टी एका पिशवीत ठेवू नका. भरलेली कार्डं कमरेच्या पाकिटात, टॅबलेट पाठीवर, एसएसडी ट्रकमधल्या वळकटीत कपड्यांच्या घडीत. सॅक भिजली तरी ट्रक कोरडा असतो, आणि ट्रक उशिरा आला तरी कार्डं अंगावर असतात.

टॅबलेटच्या मागे आणि एसएसडीवर नाव, दिंडीचा नंबर आणि घरच्या कोणाचा तरी फोन लिहून वर चिकटपट्टी लावा. स्वतःचा नंबर नको, फोनही त्याच पिशवीत गेलेला असू शकतो. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या आधी चोपदार चोप उंचावतात, एवढा मोठा तळ एका क्षणात शांत होतो, आणि हरवल्या-सापडल्याचं पुकारलं जातं. सापडलेली वस्तू तिथे येते. पण ती कोणाची हे तिच्यावर लिहिलेलं पाहिजे.

शेवटी टॅबलेटवर एक फोल्डर घरूनच करून न्या, ‘द्यायचे फोटो’. तरडगावच्या अलीकडे विसाव्याला एका आजींनी माझ्या मांडीवरचा टॅबलेट बघितला. डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून शेजारी टेकल्या. सकाळीच त्यांचा फोटो घेतला होता, तो काढून दाखवला. “माउली, जरा मोठं करून दाव की,” म्हणाल्या. मला वाटलं चेहरा बघायचा असेल, म्हणून तो मोठा केला. त्यांनी बोटाने चेहरा बाजूला सारला आणि वरच्या तुळशीपाशी थांबल्या. एकेक पान बघितलं. मंजिरीवर बुक्का बसला होता, दोन पानं कडेने मुडपली होती. “उन्हानं कोमेजलीया,” म्हणाल्या, उठल्या आणि बाटलीतलं पाणी आधी वृंदावनात घातलं, मग स्वतः प्यायल्या. जाताना नातवाचा नंबर वहीत लिहून घ्यायला लावला. त्या फोल्डरमध्ये त्या वर्षी एकसष्ट फोटो जमले. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं त्यांचे छापून दसऱ्याच्या आत पोस्टाने पाठवले. आजींच्या फोटोत तुळस पूर्ण यावी म्हणून तो उभा छापला.