बीकन बांधताना कीइंगच्या या चुका टाळा

निपाणी, खानापूर, चिकोडी, बेळगाव, कुठलाही नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, बीकन (मोर्समध्ये आपली ओळख आपोआप पाठवत राहणारा छोटा ट्रान्समीटर) दाखवायला आणतो तेव्हा मी आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर, जोडतो, शेजारी रिसीव्हर लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. दहातल्या सात वेळा डॅश 'टूऽऽ' असा सरळ येत नाही, 'टुईऽऽ' असा वाकडा येतो. याला आम्ही चर्प म्हणतो, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पोरानं थेट ऑसिलेटरच, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा भागच, की केलेला असतो. की करणं किंवा कीइंग म्हणजे डॉट-डॅशसाठी सिग्नल चालू-बंद करणं.

सर्किट लहान होतं, दोन ट्रान्झिस्टर वाचतात, म्हणून हा मोह होतो. पण क्रिस्टलला थरथरायला वेळ लागतो. त्यातच फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा, करंट ओढायला लागला की सप्लाय खाली बसतो आणि फ्रिक्वेन्सी सरकते. ऑसिलेटर कायम चालू ठेवा, त्याला ७८एल०५चा स्वतंत्र रेग्युलेटर द्या, मध्ये बफर (ऑसिलेटरवर पुढचा भार येऊ न देणारा टप्पा) घाला आणि की फक्त ड्रायव्हरला, म्हणजे फायनलच्या आधीच्या टप्प्याला, करा. की उचलल्यावरही ऑसिलेटर बारीक ऐकू येत असेल, तर त्याच्याभोवती पत्र्याचा डबा करा.

दुसरी चूक मला स्वतःला महागात पडली. येळ्ळूरला मित्राच्या गच्चीवर २८ मेगाहर्ट्झचा दोन वॅटचा बीकन ठेवला होता. मोर्स वाजवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पिनवरून २एन७००० या मॉसफेटचं गेट, त्यावरून पीएनपी ट्रान्झिस्टर, त्यातून ड्रायव्हरला सप्लाय. टेबलावर दोन दिवस सुरळीत चालला. मग वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि परत येताना व्होल्टेज हळूहळू चढलं. चिप मध्येच अडकली. पिन अजून आउटपुट झालीच नव्हती, त्यामुळे गेट लोंबकळत राहिलं आणि मॉसफेट चालू झाला. रात्रभर डॉट-डॅशविना अखंड सिग्नल, म्हणजे कॅरिअर! सकाळी हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसला. फायनल गेलेला होता. त्यापेक्षा वाईट म्हणजे रात्रभर ती फ्रिक्वेन्सी मी अडवून ठेवली होती.

गेटपासून ग्राउंडला १० के (किलो-ओहम) चा एक रेझिस्टर असता तर हे घडलंच नसतं. आता मी तो चिपच्याही आधी सोल्डर करतो. वॉचडॉग (चिप अडकली तर ती पुन्हा सुरू करणारा) आणि ब्राउन-आउट रीसेट (व्होल्टेज कमी असताना चिप थांबवून ठेवणारा) दोन्ही चालू ठेवतो. 'काका, टेबलावर तर चालतंय की,' असं कुणी म्हणालं, तर मी सप्लायची पिन दहा वेळा काढून घालायला लावतो.

की क्लिकबद्दल थोडक्यात. सिग्नल एकदम चढला-उतरला तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर टिकटिक पसरते. चढ-उताराला ५ मिलिसेकंद द्या. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगात डॉट १०० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे एवढ्यानं अक्षर बिघडत नाही. मी कीइंग ट्रान्झिस्टरच्या बेसवर रेझिस्टर-कपॅसिटर घालून सुरुवात करतो आणि नंतर कानानं ठरवतो.

वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर 'नंतर लावू' म्हणू नका. २८.२ मेगाहर्ट्झचा चौथा हार्मोनिक, म्हणजे चौपट फ्रिक्वेन्सी, ११२.८वर पडतो, आणि तो विमानांचा बँड आहे.

डमी लोडला वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, त्यात कॉइल असते. २०० ओहमचे चार कार्बन रेझिस्टर पॅरलल जोडा.

२एन२२२२ घेताना पाय मोजा. पी२एन२२२२ए आणि पीएन२२२२ए दिसायला सारखे, पण पाय उलटे.

बांधायला बसण्याआधी १४.१०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय बीकन ऐका. १८ बीकनचा फेरा ३ मिनिटांचा, प्रत्येकाला १० सेकंद: मिनिटाला २२ शब्दांच्या वेगानं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), मग एकेका सेकंदाचे चार डॅश, १०० वॅटपासून ०.१ वॅटपर्यंत उतरत जाणारे. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याकडे लागला की त्याचा डॅश किती सरळ सुरू होतो आणि संपतो, ते कानात बसवा. हे आठवडाभर न ऐकता सोल्डरिंगला बसणाऱ्याला मी सर्किट देत नाही.

खानापूरकडच्यांनी बाहेर ठेवायच्या बीकनचा डबा सगळीकडून सिलिकॉननं बुजवू नये, आत दव धरतं. तळाला एक बारीक भोक ठेवा आणि कोअॅक्स (अँटेनाची केबल) खालून, वळसा देऊनच आत घ्या.