ठोकलेली मारुती जिप्सी उभी करायच्या आधी

गाडी टोचन करून गॅरेजच्या दारात आली असेल आणि मिस्त्री "उद्याच बॉडी उतरवतो" म्हणत असेल, तर त्याला थांबवा. विम्याच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत एक नटसुद्धा सुटता कामा नये. खोललेल्या गाडीतलं काय अपघातात तुटलं आणि काय गॅरेजमध्ये, हा वाद एकदा सुरू झाला की त्यात तुम्हीच हरता. फोटो, विमा कंपनीला कळवणं, कुणाला लागलं असेल तर पोलीस पंचनामा, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुढे जाऊ.

जुन्या जिप्सीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद, धरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही संमतीने ठरवता, आणि हप्ता कमी बसावा म्हणून आपणच ती खाली लावून घेतो. मग पुढचा ॲक्सल, रेडिएटर आणि चासीचं (खालच्या सांगाड्याचं) काम एवढ्यावरच आकडा ओलांडतो. गाडी ठेवायची असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. भंगाराची किंमत वजा करून पैसे मिळतील का आणि आरसी रद्द करावी लागेल का, हे लेखी विचारा. तोंडी "बघू साहेब" याला काही अर्थ नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. सगळे पैसे परत येतील या हिशोबाने उडी मारू नका.

आरसीची मुदतही आत्ताच बघून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर वेळी पाच-पाच वर्षांची. गाडी गॅरेजमध्ये घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी असताना मुदत संपली तर आरटीओला काय दाखवणार?

चासी नंबर कुठे ठोकला आहे ते शोधा, तारेच्या ब्रशने साफ करा, खडू घासून स्पष्ट फोटो काढा. नंतर तो भाग ग्राइंडरखाली किंवा वेल्डिंगच्या पट्टीखाली गेला तर तुमच्याकडे गाडी उरते, पण ती कागदावर कुणाची, हे सिद्ध करत फिरावं लागतं. भंगारातली चासी घेऊन तिच्यावर आपला नंबर कापून चिकटवून देणारे लोक आहेत, आणि ते अगदी सहजपणे सुचवतात. त्यांच्या नादी लागू नका. तो गुन्हा आहे. नंबर खरोखर खराब झाला असेल तर आरटीओकडे रीतसर अर्ज करून परवानगी घ्यायची. इंजिन बदललं तरी आरसीवर नोंद करून घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. चासीचे कर्ण मोजा.

पुन्हा सांगतो, कारण हे वाचूनही तुम्ही मोजणार नाही. मागच्या खेपेस मी लांबी मोजली, रुंदी मोजली, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोजला, कंपनीचा २३७५ मिलिमीटरचा आकडा दोन्हीकडे आला म्हणून खूष झालो आणि कर्ण मोजायचा राहिला. गाडी रंगवून बाहेर आली आणि रस्त्यावर कुत्रं तिरकं धावतं तशी धावू लागली. बॉडी पुन्हा उतरली, रंग पुन्हा लागला. त्यामुळे या यादीत बाकी काही विसरलात तरी चालेल.

जिप्सी शिडीच्या चासीची गाडी आहे: दोन लांब बीम, मध्ये आडव्या दांड्या, वर रबरांवर बसलेली बॉडी. एका कोपऱ्यावर धडक बसली की त्या बाजूचा बीम अख्खाच्या अख्खा मागे सरकतो आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. गॅरेजमध्ये याला डायमंड म्हणतात. दोन्ही बीम सरळच असतात, लांबी तीच असते, दोन्हीकडचा व्हीलबेस सारखाच. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. समजा बीमचा २००० मिलिमीटरचा भाग आहे, दोन बीममधलं अंतर ७०० आहे आणि एक बीम १० मिलिमीटर मागे गेला आहे. रुंदीत एक दशांश मिलिमीटरचासुद्धा फरक पडत नाही, कुठल्याही टेपवर तो दिसणार नाही. दोन कर्णांत मात्र जवळपास १९ मिलिमीटरचा फरक पडतो. शाळेतली भूमिती आहे, पण गॅरेजमध्ये कुणाला आठवत नाही. मला आठवली नाही, तुम्हाला तरी आठवू दे.

मोजायचं कसं, ते सविस्तर सांगतो. सपाट सिमेंटची जमीन हवी, मातीच्या अंगणात हे होत नाही. गाडी चार घोड्यांवर घ्या आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे एका पातळीत आणा. गवंड्याचा ओळंबा, खडू आणि चांगली लोखंडी टेप एवढंच सामान लागतं. शिंप्याची टेप ताणली जाते, ती नको. मोजमापाचे बिंदू दोन्ही बाजूंना अगदी एकमेकांचे जोडीदार असले पाहिजेत: बॉडी माउंटची (बॉडी चासीला जोडणारी) भोकं, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) पिनांचे ब्रॅकेट, आडव्या दांड्यांचे जोड. वाकलेल्या ब्रॅकेटचा बिंदू घेतलात तर सगळी मेहनत वाया गेली, त्यामुळे शक्यतो बीमवरचीच भोकं धरा. प्रत्येक बिंदूतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने फुली मारा. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाजूला करा. जमिनीवर तुमच्या चासीचा नकाशा उरतो.

या नकाशावर कर्ण मोजायचे. आधी पुढचा चौकोन, मग मधला, मग मागचा, शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यात मोठा. तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घ्या, त्यापुढे नाही. समोरासमोरच्या फुल्यांचे मध्य काढून त्यांवरून दोरी ताणा. दोरी एखाद्या मध्यबिंदूवरून जात नसेल तर तिथे चासी बाजूला वळली आहे. पिळवटली आहे का, ते लेव्हल पाइपने कळतं. सगळे आकडे तारखेसह वहीत लिहा. मिस्त्रीच्या डोक्यात नको, वहीत.

आणि हे एकदाच करायचं नाही. बॉडी उतरवायच्या आधी, उतरवल्यावर, प्रत्येक ओढीनंतर, वेल्डिंग झाल्यावर आणि बॉडी चढवायच्या आधी मोजा. मिस्त्री हसेल. हसू दे.

खोलताना बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, वर चिठ्ठी लावा. वायरिंगच्या प्रत्येक जोडावर कागदी टेप लावून पेनाने लिहा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही काढा. पेट्रोलची टाकी आणि पाइप बाहेर काढल्याशिवाय ठिणगी उडता कामा नये. हे सांगायची गरज नसावी.

चासी ओढायला चेनकुप्पी (साखळीचा ओढा) लावणारे बरेच आहेत, जमिनीत नीट पकडून ठेवणारे कमी. एक कोपरा झाडाला बांधून दुसरा ट्रकने ओढायचा, हे आपल्याकडे चालतं आणि त्यात नवा पीळ बसतो. चासी पकडायला पक्की फ्रेम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच न्या, मग लांब जावं लागलं तरी हरकत नाही. लोखंड सोडल्यावर थोडं परत येतं, म्हणून हव्या मापाच्या जरा पुढे ओढून सोडतात. म्हणजेच साखळी सैल केल्यावर मोजायचं, ताणलेली असताना नाही. ताणलेल्या साखळीत कर्ण नेहमी छान येतो. गॅसने लालबुंद तापवून हातोडा मारणाऱ्याला अडवा, त्या जागी पत्रा मऊ पडतो आणि पुढच्या खड्ड्यात तिथूनच वाकतो.

चीर गेली असेल तर ती सीओटू वेल्डिंगने भरायची, वरून पट्टी लावायची. पट्टीची टोकं तिरकी कापलेली हवीत. बीमला काटकोनात सरळ उभी वेल्ड मारली तर अगदी त्याच रेषेवर पुढची चीर जाते. बीमच्या वरच्या-खालच्या काठांना भोकं पाडू देऊ नका. आतल्या बाजूला गंजरोधक मेण मारा. पावसाळ्यात कोकणात जाणारे असाल तर हे विसरून चालणार नाही.

आणि बॉडीचा एखादा बोल्ट भोकात बसत नसेल आणि मिस्त्री गॅस घेऊन भोक मोठं करायला निघाला, तर त्याचा हात धरा. बोल्ट बसत नाही याचा अर्थ भोक छोटं आहे असा नसतो. याचा अर्थ कर्ण चुकला आहे. माझ्या गाडीची दोन भोकं अशी मोठी केली होती आणि मी शेजारी चहा पीत उभा होतो. नंतर रबरं फाटली, दाराच्या खांबाशी पत्रा चिरला, आणि दोष दिला तो रस्त्याला.

ॲक्सल आणि स्टेअरिंग. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) अगदी पुढे, बंपरच्या मागेच असतं, त्यामुळे समोरची धडक पहिल्यांदा तिथे लागते. मुख्य पाटा, शॅकल, पिना, बुश बदला, विचार करत बसू नका. पाट्याचा सेंटर बोल्ट काढून बघा. तो अर्धा कापला गेलेला असला तरी यू-बोल्ट धरून ठेवतात आणि ॲक्सल थोडा सरकून बसतो. यू-बोल्ट एकदा सोडले की नवेच घाला. ॲक्सलची नळी लेथवाल्याकडून तपासून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. स्टेअरिंग बॉक्सचे पाय आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची ओढ चाकांकडे नेणारा दांडा) यांवर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून चीर आहे का ते पाहा. चीर दिसली तर वेल्ड करायची नाही, भाग फेकून द्यायचा. स्टेअरिंगवर जुगाड करणाऱ्या मित्राचं ऐकू नका, घरी बायकामुलं आहेत.

ताशी साठच्या आसपास पुढचं चाक थडथडू लागलं की सगळे किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनेचे) शिम आणि बेअरिंग यांच्यामागे लागतात. जिप्सीची ती जुनी खोड आहे खरी, पण अपघातानंतर आधी कर्णांची वही उघडा. साध्या अलाइनमेंटवर भरवसा ठेवू नका. डायमंड झालेल्या चासीतही दोन्ही ॲक्सल एकमेकांना समांतर राहतात, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) बरोबर दिसतो आणि यंत्रवाला हिरवा कागद छापून देतो.

सुटे भाग. जिप्सी बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी लष्कराकडे आणि ताडोबासारख्या जंगलांत ती पुष्कळ असल्यामुळे बरंच काही मिळतं. इंजिनचे भाग सोपे, पत्रा अवघड. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट जुने मिळाले तर दिल्लीच्या मायापुरीत, कधी कुर्ल्यात. बिल घ्या. ॲक्सल घेताना आपली गाडी डब्ल्यूवाली (रुंद ॲक्सलची) आहे का ते बघा, अरुंद आणि रुंद ॲक्सल एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय यांचं वायरिंगही वेगळं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) वेगळा असल्याने प्रोपेलर शाफ्ट तीन आहेत, तिन्हींचे क्रॉस (सांधे) तपासा, मधला छोटा कायम राहून जातो.

बॉडी रंगाआधी एकदा कोरी बसवून पाहा: सगळे बोल्ट हाताने आत गेले पाहिजेत, दारं लागली पाहिजेत. नाही गेले तर... हो, तेच. टेप काढा.

रंगाचं फार सांगत नाही. पत्रा आधी ठोकून सरळ करा, लांबीचे (पुट्टीचे) थर चढवून खड्डे बुजवणाऱ्या डेंटरला नमस्कार करा. इपॉक्सी प्राइमर, मग रंग. चाकांच्या कमानींच्या आतून अंडरकोट. सीटबेल्टच्या बैठका नव्या बोल्टवर, रेडिएटर, होज, ब्रेकचं तेल आणि पाइप नवे, हेडलाइट सेट करून घ्या. बाकी मिस्त्रीला कळतं.

पहिली फेरी रिकाम्या सरळ रस्त्यावर, हळू. कोरड्या सिमेंटवर टायर ओले करून सरळ पुढे जा आणि उतरून मागे चालत या. पुढच्या आणि मागच्या चाकांचे पट्टे दोन्ही बाजूंना सारख्याच अंतराने पडले आहेत का ते बघा. पाचशे किलोमीटरला यू-बोल्ट आणि बॉडी माउंट पुन्हा आवळा. इंजिन बदललं असेल तर आरसी आणि विमा दोन्हींत नोंद झाली का ते तपासा, आणि ती होईपर्यंत घाटात जाऊ नका.