मोठं मांजर दत्तक घेताय? या चुका टाळा

आठ-दहा वर्षांच्या मांजराचा मोठा फायदा म्हणजे त्याचा स्वभाव आधीच ठरलेला असतो. मांडीवर येतं की लांबूनच बघतं, मुलांच्या गोंगाटाला बिचकतं का, कुत्रा चालतो का, हे आधी सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. पिल्लाचं हे सगळं कळायला वर्ष जातं, आणि तोवर पडद्यांच्या चिंध्या झालेल्या असतात. शिवाय घरातली मांजरं पंधरा वर्षं सहज काढतात, त्यामुळे ‘आता राहिलंय किती आयुष्य’ म्हणून मागे सरायचं कारण नाही.

विचारपूस न करताच घरी आणलं, तर हा फायदा हातचा जातो. कोणत्या कंपनीचं खाणं, शी-शूसाठी कोणती वाळू, शेवटची लस कधी, नसबंदी झाली का, हे विचारून लिहून घ्या. रस्त्यावरून वाचवलेल्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर नसबंदी बहुधा झालेली असते.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करणं

सुरुवातीला एकच खोली द्या. एका कोपऱ्यात लिटर बॉक्स (शी-शूच्या वाळूचा ट्रे), दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी आणि लपायला आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नका. दोन-तीन दिवस लपणं नेहमीचंच आहे, रात्री सामसूम झाल्यावर येऊन खात असेल तर काळजी नको.

‘भूक लागली की खाईल’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि लठ्ठ मांजराला दोन-तीन दिवसांचा उपासही जिवावर बेतू शकतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पुष्कळदा कारण साधं असतं: खाणं एकदम बदललेलं. पहिला आठवडा जुनंच द्या. मग त्यात पाव हिस्सा नवं मिसळा आणि ७ ते १० दिवसांत हळूहळू पूर्ण बदला. ओलं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि मांजर वाटीकडे वळतं. दूध मात्र नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

बाहेर शू केली म्हणून ओरडणं

वयस्क मांजराचे सांधे दुखत असतील तर उंच कडेचा बॉक्स त्याला चढवत नाही. एक बाजू ७-८ सेंटिमीटरच उंच ठेवा, झाकण काढा, सुगंधी वाळू टाळा. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.

‘वयामुळे बारीक झालं’

खाऊनही वजन उतरत असेल तर मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह यांची शंका घ्या. आणल्यावर पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी), टी-४ (थायरॉइडसाठी), लघवी, रक्तदाब आणि दात तपासून घ्या. पुढे दर आठवड्याला बाळाच्या वजनकाट्यावर वजन करा. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम उतरले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि केसांमुळे तो डोळ्यांना दिसत नाही. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी मांजर येण्याआधी बसवा. ‘म्हातारं आहे, उडी कुठे मारणार’ असं म्हणू नका, कबुतर समोर बसलं की वय विसरलं जातं. डासांची जाळी मांजराचं वजन पेलत नाही.

घरात आधीचं मांजर असेल तर दोघांची पांघरुणं अदलाबदल करा आणि वाट्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवा. दोघंही शांतपणे खाऊ लागली की दार चार बोटं उघडा. फिस्कारलं की परत बंद.